दारात चालू, वेशीवर बंद

किक मारून मारून ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा कुठं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यातून म्हणाल्या, "घालवायला निघालास तरी जाईना बघ."

त्या गाडीबद्दल बोलल्या की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. मी तुळशीपाशी उभी होते. हातात पिशवी, पिशवीत माहेरी न्यायच्या साड्या. बाहेरच्यांसाठी सगळं रीतसर होतं. उद्याची अमावस्या झाली की आखाड लागणार आणि आमच्याकडं नवी सून आखाडात माहेरी जाते. त्या महिन्यात सासूनं नव्या सुनेचं तोंड बघू नये म्हणतात. शेजारच्या बायका दारात येऊन 'मजा कर गं माहेरी' म्हणून गेल्याही होत्या. मी हसून मान हलवली होती. खरं कारण घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक जण आता तुटकी चप्पल काढून अनवाणी पायानं किक मारत होता.

ह्यांचं नाव अंकुश. उखाण्यात घेतलं तेवढंच. बाकी जन्म 'हे' म्हणण्यात गेला, तेव्हा तुम्हीही तेवढं चालवून घ्या. आज आमची नातवंडं बोटानं बटण दाबून गाडी सुरू करतात. किक म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागतं. पण मला अजून कुठं किकचा आवाज आला की हातातलं काम थांबतं.

इंजिन खोकल्यासारखं करी, आता होतंय असं वाटायला लावी, आणि गप्प बसे. ह्यांचा सदरा पाठीला चिकटला. आत्याबाई म्हणाल्या, "पेट्रोल तरी हाय का बघ." ह्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं, गाडी दोन्ही अंगांना हलवून आत पाहिलं. पेट्रोल होतं. झाकण परत लावलं. त्यात झाकणावरचं कुंकू ह्यांच्या बोटांनी फरफटलं, म्हणून आत्याबाई तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी घेऊन खाली आल्या आणि झाकणावर अंगठ्यानं नवा, दाट टिळा लावला. मग म्हणाल्या, "आता मार."

पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

आत्याबाईंनी आधी गाडीला हात जोडले, मग माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. त्यांची नजर एवढंच सांगत होती की बाई, तू कितीही चांगली असलीस तरी हे असं आहे बघ.

ही गाडी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची; हे त्यांना दादा म्हणायचे. मी त्यांना पाहिलं नाही. लग्नाच्या आदल्या वर्षीच ते गेले. त्यांच्या मागं आत्याबाईंना त्या गाडीत माणूस दिसायचा. म्हणून लग्नाच्या दिवशी त्यांचा हट्ट, की सून गावाबाहेरच्या मारुतीपासून घरापर्यंत मामंजींच्या गाडीवर बसूनच यावी. गाडी सजवली. टाकी काठोकाठ भरली. पुढच्या दिव्यावर झेंडूच्या माळा इतक्या गुंडाळल्या, की कुंकू लावायला जागा उरली नाही, तेव्हा आत्याबाईंनी ते टाकीच्या झाकणावर लावलं. गोल, चकचकीत झाकण, कपाळच जसं. मी मागं बसले, हलगी वाजायला लागली, आणि वेशीत आल्यावर गाडी जी बंद पडली ती काही केल्या चालू होईना. शेवटी मी शालू सावरत पायीच घरी आले. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "पायगुण गं बाई." तिनं हळूच म्हटलं, पण अशा वेळी हळू बोललेलंच गावभर ऐकू जातं.

तेव्हापासून ते नेहमीचंच झालं. दारात चालू, वेशीवर बंद. पोरांनी त्याचं गाणं केलं. हे गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होते, वाड्यावस्त्यांवर जाऊन औषधपाणी करायचं काम; गाडीशिवाय हात बांधल्यासारखेच. तालुक्याच्या मुबारक मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, वायरी तपासल्या. त्याच्या गॅरेजात गाडी लोण्यासारखी चालायची. तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "माझ्याकडं असली की हिला कायबी हुत न्हाय, अंकुशभाऊ. तुमच्या घरातच कायतरी हाय." बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण आत्याबाईंनी ते शब्द उचलले.

मग एका वस्तीवर म्हैस विताना अडली. हे निघाले, गाडी माळावर बंद पडली, आणि पायी पोचेस्तोवर म्हैस गेली. त्या घरातली बाई आमच्या दारात येऊन रडून गेली. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, तरी त्या रात्री ताट पुढं ओढायची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आत्याबाई देवरूशाकडं गेल्या. त्यानं दाणे टाकून सांगितलं, की सुनेला महिनाभर बाहेर ठेवा. गाडी सरळ चालली, तर काय ते समजा. मिस्त्रीनं प्लग बदलून पाहिला होता, आता आत्याबाई सून बदलून पाहणार होत्या. नेमका आखाड तोंडावर आला होता, त्यामुळं बोभाटाही होणार नव्हता.

आत्याबाई दुष्ट होत्या असं मात्र समजू नका. मला ताप आला तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन त्या रात्रभर बसल्या होत्या. एकदाच काय त्या माझ्यावर करवादल्या असतील. आमच्या अण्णांचं, माझ्या वडलांचं, फाट्यावर किराणा दुकान. लग्नात त्यांनी करडईच्या तेलाचा डबा बरोबर दिला होता. आत्याबाईंनी त्याला कोपऱ्यात खिळ्यानं भोक पाडलं आणि मी सवयीनं जाऊन समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडलं. "चांगल्या डब्याची चाळण कशाला करतीस?" म्हणाल्या. नव्या सुनेनं सासूला तेलाचा डबा उघडायला शिकवू नये, एवढी अक्कल मला होती. त्याच तेलात त्या रोज कुंकू कालवायच्या. गाडी रुसायला लागल्यापासून सणासुदीचं कुंकू रोजचं झालं होतं.

तर अशी मी गाडीवर बसले. निघताना आत्याबाईंनी ओटी भरली, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

त्या दिवशी वेस ओलांडली. ओढाही ओलांडला. मला वाटलं आज ही मला थेट पोचवते. एरवी गाडी बंद पडू नये म्हणून देव पाण्यात ठेवणारी मी, आज नीट चालली तर माझंच मरण होतं. मी घरातून निघाले आणि गाडी सुधारली. आणखी काय पुरावा लागतो? पण ओढ्यापलीकडच्या चढावर तिनं दोन आचके दिले आणि थांबली. हे उतरले. पाना काढून प्लग सोडवला, काडेपेटीच्या कडेनं घासला, फुंकला, परत बसवला. जाता जाता झाकण काढून पेट्रोल पाहिलं. किक मारली आणि गाडी सुरू झाली.

"कार्बन धरतोय," हे म्हणाले. निघाल्यापासूनचे ते ह्यांचे पहिले शब्द.

माळावर वारा उभा राहू देत नव्हता. दोन्ही बाजूंना बोरीबाभळी आणि खडक. मी पदर तोंडात धरून बसले होते. पुढं ह्यांची पाठ. दीड महिन्याच्या संसारात मी त्या पाठीला इतकी ओळखायला लागले होते, की ती ताठ झाली की हे काहीतरी टाळताहेत एवढं मला कळायचं. त्या दिवशी ती दगडासारखी होती.

खिंडीच्या अलीकडं गाडी पुन्हा गेली. ह्यांनी प्लग घासला. किका मारल्या. काही नाही. मग टाकीखालची नळी काढून पाहिली. पेट्रोलची बारीक धार आली, बारीक होत होत थेंबावर आली आणि थांबली.

"कचरा अडकलाय," म्हणून ह्यांनी नळी तोंडात धरून फुंकली.

मी जवळच्या दगडावर बसले होते. मनात घोळवून घोळवून शेवटी विचारलं, "तुमाला खरंच वाटतंय, माझ्यामुळं होतंय म्हणून?"

"मला न्हाय वाटत गं." नजर नळीवरच. "पण आईचं मन राखाय नको का?"

"आणि महिनाभर गाडी नीट चालली तर?"

ह्यांनी नळी झटकली, तिच्यातून आरपार पाहिलं, पुन्हा झटकली. मग म्हणाले, "तवाचं तवा बघू."

माझ्यावर आजवर पुष्कळ जण रागावले, काहींनी शिव्याही दिल्या. पण 'तवाचं तवा बघू' या तीन शब्दांनी मला जेवढी भीती वाटली तेवढी कशानंच वाटली नाही. म्हणजे बघायचं शिल्लक होतं. म्हणजे महिनाभरानं मला न्यायला कुणी येईल किंवा न येईल, आणि ते ठरवणार ही गाडी. ती जुनी गाडी, जिला मूडप्रमाणे चालायची सवय. योगायोगानं महिनाभर बरी वागली, तर मी जन्मभर अण्णांच्या दुकानात तेल मापत बसणार, आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं माझ्या पायांकडं बघणार.

ह्यांनी टाकी हलवली, झाकण काढलं. त्या वेळी वारा पडला होता म्हणून मला ऐकू आलं. झाकण सैल झालं तशी टाकीनं 'स्स' करून श्वास आत घेतला. आणि उघड्या नळीतून पेट्रोलची जाडजूड धार ह्यांच्या पायावर पडली.

"निघाला कचरा," हे म्हणाले. नळी बसवली, झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू.

मी मागं बसले, पण आता मला ना वारा जाणवत होता ना खड्डे. तो श्वास मी लहानपणापासून ऐकत आले होते. कुठं, ते मात्र आठवेना. जिभेवर आलेलं नाव आठवत नाही तसं झालं. मी सकाळपासूनचं एकेक मागं जाऊन पाहायला लागले. दारात गाडी सुरू झाली ती कुंकू लावल्यावर. नाही, त्याच्या आधी ह्यांनी झाकण काढलं होतं. ओढ्यापलीकडं प्लग घासला, पण झाकणही काढलं. आत्ता नळी फुंकली, आणि झाकण काढलं. आणि मुबारक मिस्त्री? गाडी आली की तो सगळ्यात आधी काय करायचा? पेट्रोल आहे का बघायचा.

श्रेय कधी प्लगला, कधी कुंकवाला. झाकणाला कुणी विचारलंच नव्हतं.

खिंड उतरलो आणि लांबवर फाटा दिसला. अण्णांच्या दुकानाचा पत्रा उन्हात चमकत होता. त्या पत्र्याकडं बघून डोळ्यांत पाणी यावं अशी माझी माहेरची ओढ, पण त्या दिवशी मी मनात म्हणत होते, अजून नको, एवढ्यात नको. आणि काय सांगू, देवानं ऐकलं. गाडी आचके देऊन थांबली.

हे वैतागून उतरले आणि पाना काढायला लागले.

"प्लगला हात लावू नका," मी म्हणाले.

"मग काय नारळ फोडू?"

"नुसतं झाकण काढा आणि परत लावा. दुसरं कायबी करू नका."

"आगं, पेट्रोल हाय. आत्ताच बघितलंय."

"असू द्या. काढा."

दोन गावांच्या मध्ये, भर माळावर, दीड महिन्याची बायको अशी हुकूम सोडायला लागल्यावर कुठल्याही नवऱ्याचं होईल तेच ह्यांचं झालं. "हे काय तुझ्या बापाचं दुकान न्हाय," म्हणाले, "गाडी हाय ही." तोंडातून गेल्यावर ह्यांना वाईट वाटलं असावं, कारण पाना तसाच हातात राहिला. मी पुढं झाले. पदर खोचला आणि झाकण स्वतः फिरवलं. 'स्स.' या खेपेला ह्यांनीही ऐकलं. झाकण परत लावलं आणि बाजूला झाले.

"मारा आता."

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. प्लग जागेवर, नळी जागेवर, आत्याबाईंची वाटी घरी.

बापाच्या दुकानाचं नाव निघालं आणि मला तो श्वास सापडला. तेलाचा डबा. एकच भोक पाडून डबा उपडा केला, तर तेल गुटगुट करत येतं, मग नुसतं ठिबकतं आणि भरल्या डब्यातलं तेल अडून बसतं. समोरच्या कोपऱ्यात खिळा मारला की डबा 'स्स' करतो आणि धार लागते. तेल बाहेर यायचं तर वारा आत जायला वाट लागते. अण्णांनी मला हे शिकवलं तेव्हा मी गल्ल्यामागच्या पोत्यावर उभी राहूनही फळीपर्यंत पोचत नव्हते.

मी ह्यांना गाडी बंद करायला लावली. झाकण काढून हातात घेतलं. त्याच्या मधोमध आत्याबाईंच्या अंगठ्याएवढा कुंकवाचा थर होता. वरचं कुंकू ओलं, पण खालचं रोजच्या रोज वाळून, इंजिनाच्या धगीनं घट्ट होऊन खपलीसारखं धरलं होतं. करडईचं तेल तसंच असतं. दुकानातल्या मापाला चिकटलं की चाकूनं खरवडावं लागतं. नखानं खपली काढली. खाली सुईच्या जाडीचं एक भोक होतं, लालभडक बुजलेलं. बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि भोक टोकरलं. मग झाकण आभाळाकडं धरून ह्यांच्या डोळ्यांसमोर नेलं.

हे एक डोळा मिटून बघत राहिले. त्या एवढ्याशा भोकातून उजेड येत होता.

"टाकीला वारा मिळत नव्हता," मी म्हणाले. "लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा बुजलं. मग रोज बुजत गेलं."

ह्यांना पटलं, पण एवढ्या सहज पटवून घ्यायचं नव्हतं. म्हणाले, योगायोगही असंल. तेव्हा मीच म्हणाले की मी इथं थांबते; तुम्ही ओढ्यापर्यंत जाऊन माघारी या. वाटेत झाकणाला हात लावायचा नाही. बंद पडली, तर मी आहे तशी अण्णांकडं चालत जाते, आणि तुम्ही खुशाल देवरूशाचं ऐका.

हे गेले. गाडीचा आवाज खिंड चढला, बारीक झाला आणि डोंगराआड बुडाला.

मी पिशवी पायाशी ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. एक धनगर मेंढ्या घेऊन गेला, कुणाची गं म्हणून विचारलं, मी अण्णांचं नाव सांगितलं. सासरचं नाव जिभेवर आलंच नाही, हे मला नंतर जाणवलं. मेंढ्या गेल्या, धुरळा बसला, आवाज काही येईना. आता मनाचे खेळ सुरू झाले. मी चुकले असेन तर? सुईएवढ्या भोकावर मी माझा संसार लावला होता. गाडी ओढ्याशी बंद पडली असेल आणि हे किका मारत असतील. किंवा पडली नसेल, आणि हे तसेच पुढं घरी गेले असतील. आईला म्हणतील, सोडून आलो, गाडी येताना एकदाही बंद पडली नाही. आणि ते खोटंही नसेल. हे मनात आलं तेव्हा मी मटकन खालीच बसले. ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा, तो असं करील की नाही हे मला ठामपणे सांगता येत नव्हतं.

मग वाऱ्यावर आवाज आला. आधी वाटलं भास. पण तो खिंड चढला, उतरला, आणि हे दिसले. लग्नापासून ह्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"एक आचका न्हाय," लांबूनच सांगत आले. "ओढा ओलांडून पार गावची येस दिसंस्तवर गेलतो. बस. घरी जाऊ. आईला दाखवू."

मी पिशवी उचलली. पण बसले नाही.

ह्यांचा चेहरा इतका निर्मळ होता की त्याचाच मला संताप आला. गाडीतला दोष सापडला, म्हणून माझ्यातला नाहीसा झाला. सकाळी कुठं घेऊन निघाले होते आणि का, हे ह्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि मग वांगं उचलून पुन्हा टोपलीत ठेवायचं, झालं.

"मी अण्णांकडं चालले," मी म्हणाले. "आखाड लागतोय."

"आता कशाला? सापडलं की."

"गाडीचं सापडलं. मला घरातनं पाठवलंय ते आत्याबाईंनी. न्यायला पण त्यांनीच यायचं."

"येडी का काय तू? आखाडात सासू सुनेच्या दारात? तोंड बघत न्हाईत एकमेकीचं. आन आई गाडीवर बसत न्हाय, दादा हुते तवासुदीक कवा बसली न्हाय."

"ते त्यांनी ठरवायचं. झाकण दाखवा त्यांना. मी केलं तसं आभाळाकडं धरून दाखवा."

आणि मी चालायला लागले. मागं गाडी बराच वेळ जागच्या जागी धडधडत होती. मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर बसले असते.

अण्णांना काय, लेक आखाडाला आली एवढंच. पायी का, म्हणून विचारलं, तर मी म्हणाले फाट्याअलीकडं उतरवून गेले, दवाखान्यातनं बोलावणं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्यामागं बसून तेल मापायला लागले. फाट्यावर कुठल्याही गाडीचा आवाज आला की माप हिंदकळायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले असं मन म्हणायचं. नवरा स्वतः 'बस' म्हणत होता, तेव्हा बसायला काय झालं होतं? कोण सासू सुनेसाठी रीत मोडते? आईला सांगावं असं फार वाटलं, पण सांगितलं असतं तर अण्णा काठी घेऊन निघाले असते, आणि मग परतीची वाटच राहिली नसती.

अमावस्या झाली. आखाड लागला. आणि एका सकाळी ओळखीचा आवाज फाट्यावरून वळून थेट दुकानासमोर थांबला.

आत्याबाई मागं बसल्या होत्या. दोन्ही मुठींत ह्यांचा सदरा, डोळे गच्च मिटलेले, डोक्यावरचा पदर हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला. गाडी थांबली तरी त्यांना कळेना. ह्यांनी मुठी सोडवून त्यांना उतरवलं, तेव्हा त्यांनी आधी दुकानाची पायरी हातानं चाचपली.

मी उठून उभी राहिले आणि झटक्यात पदर पुढं ओढून तोंड झाकलं. आखाडच होता ना.

आत्याबाई पायऱ्या चढून फळीपाशी आल्या. "पदर काढ," म्हणाल्या. "बघू दे त्वांड."

मी काढला. त्यांनी माझ्याकडं डोळे भरून पाहिलं. आवाज कापत होता. तो गाडीमुळं की कशामुळं, सांगता येणार नाही. म्हणाल्या, "माझ्याच बोटानं बुजवलं, आन तुझ्या माथी मारलं गं."

अण्णा बापडे तेलाचं माप हातात धरून आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. काय बुजवलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही अण्णा, डब्याचं दुसरं भोक." आत्याबाई रडता रडता हसल्या. मलाही रडू आलं, आणि इतक्या दिवसांचं सगळं वाहून गेलं. निदान आत्याबाईंपुरतं तरी गेलं. त्या बाईबद्दल माझ्या मनात त्यानंतर कधी किंतु आला नाही. जिनं भीतीही मोडली आणि रीतही, तिच्यापाशी आणखी काय मागायचं?

निघताना त्यांनी कंबरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली, गाडीपाशी गेल्या आणि अडल्या. "आता कुटं लावायचं ते तूच सांग." मी त्यांचा हात धरून पुढच्या दिव्यावर नेला. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं हिच्यावर या. मी यष्टीनं येते. मला न्हाय परत त्या सैतानावर बसायचं."

तर मी पुन्हा मागं बसले. तोच रस्ता, तीच पाठ, आता सैल पडलेली. हे गुणगुणत होते. जिथं मी एकटी उभी होते ती जागा गेली, खिंड आली. चढावर वारा अडतो तिथं मी पुढं वाकून ह्यांच्या कानाशी विचारलं, "ते भोक सापडलं नसतं, तर तुम्ही मला कायमचं सोडून गेला असता?"

गुणगुणणं थांबलं. पाठ ताठ झाली. मग ह्यांनी गाडीचा वेग वाढवला.

ऐकू आलं नसेल, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. संसार चांगला झाला आमचा. ह्यांनी मला काही कमी केलं नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, आणि मी तो पुन्हा विचारला नाही.

त्या गाडीनं मला दीड महिना रडवलं होतं. वेशीवर, माळावर, ओढ्याशी, जिथं थांबू नये तिथं ती थांबली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच मी मनापासून म्हटलं, बाई, आता बंद पड. थांबली असती तर ह्यांना उतरावं लागलं असतं, माझ्याकडं तोंड करावं लागलं असतं. खिंड गेली, ओढा गेला, वेस आली. एक आचकासुद्धा नाही. भोक मीच माझ्या हातानं साफ केलं होतं. गाडी थेट दारात जाऊन थांबली.